एकही पायरी न गाळता

कोर्टात प्रत्येक प्रकरणाला एक रोजनामा असतो. त्या त्या तारखेला काय झालं, ते त्यात लिहायचं. ‘वादी हजर. प्रतिवादी गैरहजर. सरतपास पूर्ण. उलटतपासासाठी पुढील तारीख.’ निकालपत्र सगळे वाचतात, त्याच्या नकला काढतात, वर्तमानपत्रांत त्याची बातमी येते. पण तो निकाल मिळायला किती वर्षं लागली, कुणी किती खेपा घातल्या, हे कळायचं तर रोजनामाच उघडावा लागतो. दिवाणी कोर्टात लघुलेखक म्हणून मी बत्तीस वर्षं काढली. न्यायाधीशांच्या खुर्चीखाली, त्यांच्या डाव्या हाताला माझं टेबल असे. त्या टेबलावरून मला न्याय दिसला तो असा, तारखेतारखेने पुढे सरकणारा.

23 नोव्हेंबर 2023 रोजी केरळमधल्या कोल्लम इथे न्यायमूर्ती फातिमा बीवी वारल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्यांच्याविषयी ठळक ओळ होती, ‘सर्वोच्च न्यायालयातील पहिल्या महिला न्यायाधीश’. ओळ खरीच होती. पण मला ती निकालपत्राच्या अखेरच्या परिच्छेदासारखी वाटली. त्याआधीचा रोजनामा कुणी वाचलाच नव्हता. तो वाचला तर त्यात एक गोष्ट सापडते, जी तालुक्याच्या कोर्टात काम केलेल्या माणसाला लगेच उमगते. या बाई एखाद्या मोठ्या वकिलाच्या चेंबरमधून थेट उच्च न्यायालयात गेलेल्या नाहीत. त्या आमच्यातून, अगदी खालच्या पायरीवरून निघाल्या आणि मधली एकही पायरी त्यांनी गाळली नाही.

फातिमा बीवींचा जन्म 30 एप्रिल 1927 रोजी पत्तनमतिट्टा या गावी झाला. तेव्हा ते त्रावणकोर संस्थानात होतं. शाळा गावातच झाली. मग त्रिवेंद्रमच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून त्यांनी रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. केलं. त्यांना विज्ञानातच पुढे शिकायचं होतं. पण वडील, मीरा साहिब, यांच्या मनात वेगळं होतं. त्यांनी म्हटलं, कायदा शीक.

एका मुसलमान कुटुंबातल्या बापाला 1940 च्या दशकात आपल्या मुलीसाठी वकिली सुचावी, हे कसं? त्याचं उत्तर त्याच संस्थानात होतं. त्यांच्या डोळ्यांसमोर अ‍ॅना चांडी होत्या. अ‍ॅना चांडी 1926 मध्ये कायद्याच्या पदवीधर झाल्या. ‘श्रीमती’ नावाचं मासिक काढून त्यांनी बायकांच्या हक्कांवर सडेतोड लिहिलं. निवडणुकीला उभ्या राहिल्या तेव्हा त्यांची बदनामी करणारी पत्रकं भिंतींवर लागली, तरी पुढच्या खेपेला निवडून आल्या. 1937 मध्ये त्रावणकोरच्या दिवाणांनी, सर सी. पी. रामस्वामी अय्यर यांनी, त्यांना मुन्सफ नेमलं. भारतात न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेल्या त्या पहिल्या बाई. तेव्हा फातिमा दहा वर्षांच्या होत्या.

आपल्याकडची कॉर्नेलिया सोराबजी आठवा. नाशिकला जन्मलेली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेली ही मुलगी ऑक्सफर्डला जाऊन कायद्याची परीक्षा देऊन आली. पण बायकांना वकिलीची सनद देणारा कायदाच 1923 पर्यंत नव्हता, म्हणून तिला वर्षानुवर्षं सनदेवाचून काम करावं लागलं. तो कायदा झाल्यानंतर अवघ्या चौदा वर्षांत त्रावणकोरात बाई मुन्सफ झाली. एका मुलीचा बाप हे पाहत होता. मला वाटतं, अ‍ॅना चांडींनी दिलेल्या सगळ्या निकालांइतकाच मोलाचा परिणाम हा आहे.

14 नोव्हेंबर 1950 रोजी फातिमा बीवींची वकील म्हणून नोंद झाली. बार कौन्सिलच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या, सुवर्णपदक मिळालं. संविधान लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. कोल्लमच्या खालच्या कोर्टांत त्यांनी वकिली सुरू केली. आठ वर्षं वकीलपत्रं घेतली, तारखा सांभाळल्या. मे 1958 मध्ये त्या केरळच्या न्यायसेवेत मुन्सफ झाल्या. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1959 मध्ये, अ‍ॅना चांडी केरळ उच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या, देशातल्या कुठल्याही उच्च न्यायालयातल्या पहिल्या बाई. म्हणजे एकाच राज्याच्या न्यायव्यवस्थेत एक बाई जिन्याच्या वरच्या टोकाशी होती आणि दुसरीने खाली पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं होतं.

मुन्सफ म्हणजे कोण? आपल्याकडे जुनी माणसं अजून मुन्सफ कोर्ट म्हणतात. आता त्या जागेचं नाव दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर. सामान्य माणसाची कोर्टाशी पहिली गाठ पडते ती इथे. बांध कोरला, वाट अडवली, उसने पैसे बुडवले, भाडेकरू निघत नाही, भाऊ वाटणी देत नाही. सर्वोच्च न्यायालयाचं तोंडही न पाहता या देशातली बहुतेक माणसं आपलं न्यायाचं मत बनवतात, ते या कोर्टाच्या ओसरीवर.

आणि काम? सकाळी अकराला बोर्ड सुरू होतो. पट्टेवाला दारात उभा राहून पुकारा करतो. न्यायाधीश आधी पाहतात, समन्स बजावलं का, बेलीफाचा अहवाल काय. मग अर्ज, मग तूर्तातूर्त मनाईचे वाद, मग साक्षी. साक्षीदार बोलतो आपल्या बोलीत. वकील प्रश्न विचारतो. न्यायाधीश दोन्ही ऐकून वाक्य सांगतात, आम्ही ते उतरवतो. साक्षीदार ‘व्हय’ म्हणाला की नुसती मान हलवली, याचाही फरक तिथे पडतो. खालच्या कोर्टात साक्ष नीट नोंदली गेली नाही तर वर कितीही मोठं न्यायपीठ बसलं तरी ते त्याच कागदावर निर्णय देणार. वरच्या कोर्टांना माणूस क्वचितच दिसतो, त्यांना दिसतो तो आम्ही उतरवलेला माणूस.

फातिमा बीवी या खुर्चीवर दहा वर्षं होत्या. 1968 मध्ये सबऑर्डिनेट जज, म्हणजे आपल्याकडचे दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. 1972 मध्ये मुख्य न्यायदंडाधिकारी. 1974 मध्ये जिल्हा व सत्र न्यायाधीश. इथे पोचल्यावर कामाचं वजन एकदम बदलतं. खुनाचे खटले चालतात. फाशीची शिक्षा सुनावता येते, मात्र उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय ती अमलात येत नाही. दिवसभर साक्षी ऐकून संध्याकाळी घरी फाइल घेऊन जाणारी माणसं मी पाहिली आहेत. ती पायरी माणसाला आतून म्हातारं करते.

1980 मध्ये त्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणावर न्यायिक सदस्य म्हणून गेल्या. हे न्यायाधिकरण म्हणजे करआकारणीविरुद्धची अपिलं ऐकणारी जागा. तिथे कायद्याचा एक सदस्य आणि हिशेबाचा एक सदस्य मिळून बसतात. बांध आणि वाट, चोरी आणि खून, आणि आता ताळेबंद. अखेर 4 ऑगस्ट 1983 रोजी त्या केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. वय छप्पन्न. वकील म्हणून नोंद झाल्याला तेहतीस वर्षं होत आली होती.

इथे मला माझ्या कोर्टातली एक गोष्ट सांगायची आहे. 1991 च्या सुमारास आमच्या तालुक्याला पहिल्यांदा बाई न्यायाधीश आल्या. पहिल्या दिवशी पक्षकार आत येऊन हात जोडत आणि ‘साहेब’ म्हणत, कारण त्या खुर्चीला दुसरा शब्दच त्यांना माहीत नव्हता. हळूहळू ‘मॅडम’ रुळलं. पण इमारतीत बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नव्हतं. मॅडम दुपारच्या सुट्टीत क्वार्टरवर जाऊन येत. मी, एक महिला कारकून आणि पक्षकार बायका कोर्टासमोरच्या एका घरी जात असू. मॅडमनी तीनदा पत्रव्यवहार केला. बांधकाम झालं तेव्हा त्यांची बदली होऊन गेली होती. त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक बाईने ते वापरलं. खुर्ची मिळणं ही पहिली पायरी असते. त्या खुर्चीभोवतीची जागा बाईला राहण्याजोगी होणं, याला पुन्हा तितकीच वर्षं लागतात. फातिमा बीवींच्या काळातल्या कोर्टांतलं मी पाहिलेलं नाही. पण 1958 साली मुन्सफ झालेल्या बाईची वाट आमच्या मॅडमच्या वाटेपेक्षा सोपी नसणार, एवढं सांगायला मला पुराव्याची गरज वाटत नाही.

29 एप्रिल 1989 रोजी फातिमा बीवी उच्च न्यायालयातून निवृत्त झाल्या. तिथे निवृत्तीचं वय बासष्ट. रोजनाम्याच्या भाषेत, प्रकरण संपलं होतं. घरी जाऊन शांत राहायचं वय.

मग 6 ऑक्टोबर 1989, शुक्रवार. फातिमा बीवींनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश म्हणून शपथ घेतली. न्यायालय सुरू झालं 1950 मध्ये. म्हणजे एकोणचाळीस वर्षं त्या न्यायालयात एकही बाई न्यायाधीश नव्हती. देशाच्या वरिष्ठ न्यायव्यवस्थेतल्या त्या पहिल्या मुसलमान महिला न्यायाधीशही होत. संविधानाचा नियम असा की सर्वोच्च न्यायालयात जाण्यासाठी उच्च न्यायालयाचं न्यायाधीशपद किमान पाच वर्षं सांभाळलेलं असावं, किंवा दहा वर्षं उच्च न्यायालयात वकिली केलेली असावी, किंवा माणूस नामवंत कायदेपंडित असावा. फातिमा बीवींची उच्च न्यायालयातली वर्षं पाच आणि वर काही महिने. खालून चढत येणाऱ्या माणसाच्या हाती तेवढीच उरतात.

शनिवारी सकाळी आमच्या बाररूममध्ये वर्तमानपत्र आलं, तेव्हा बायका आम्ही तिघीच होतो. बातमीत त्या मुन्सफ होत्या असं लिहिलं होतं. आमचे शिरस्तेदार मोठ्याने म्हणाले, ‘मुन्सफ होत्या?’ आणि पुन्हा एकदा वाचून काढलं. पहिली बाई तिथे पोचली याचा आनंद आम्हा तिघींना झाला. पण शिरस्तेदारांना, बेलिफांना, पट्टेवाल्यांना आनंद झाला तो या एका शब्दाचा. आपल्यासारख्या कोर्टातून कुणी तिथवर जाऊ शकतं, हे त्यांनी प्रथमच वाचलं होतं.

सर्वोच्च न्यायालयात निवृत्तीचं वय पासष्ट. म्हणजे 29 एप्रिल 1992 पर्यंत, अडीच वर्षं. त्या अडीच वर्षांतल्या एका निकालाविषयी सांगते, कारण त्यात मला मुन्सफ दिसतो. प्रकरण कर्नाटकातलं. सरकारने एका वस्तीला झोपडपट्टी सुधारणेच्या कायद्याखाली अधिसूचना काढून समाविष्ट केलं. त्यामुळे रहिवाशांना काही मिळण्याची वाट उघडली. पुढे सरकारने अधिसूचना फिरवली आणि वस्तीचा काही भाग वगळला, तोही रहिवाशांना न विचारता. त्यांची संघटना भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत आली. 1991 च्या निकालात फातिमा बीवींनी लिहिलेलं सूत्र साधं आहे. अधिसूचनेने लोकांना जे मिळालं ते काढून घ्यायचं असेल तर आधी त्यांचं ऐकलं पाहिजे. न ऐकता काढून घेता येणार नाही.

कायद्याची पुस्तकं याला नैसर्गिक न्यायाचं तत्त्व म्हणतात. तालुक्याच्या कोर्टात याला नाव नसतं. तिथे दर सकाळी पहिला प्रश्न असतो, ‘नोटीस पोचली का?’ पोचली नसेल तर पुढे जायचं नाही. बेलिफाने अहवालात ‘घराला कुलूप’ लिहिलं की न्यायाधीश विचारतात, शेजाऱ्याला विचारलं का, पुन्हा गेलास का. दहा वर्षं हा प्रश्न रोज विचारलेल्या बाईला झोपडपट्टीतल्या माणसाला नोटीस न देता केलेला हुकूम लगेच बोचला असेल. हे माझं अनुमान आहे, आणि मला ते मनापासून खरं वाटतं.

निवृत्तीनंतर राष्ट्रीय मानवी हक्क आयोग 1993 मध्ये स्थापन झाला तेव्हा त्या त्याच्या पहिल्या सदस्यांपैकी एक होत्या. जानेवारी 1997 पासून त्या तमिळनाडूच्या राज्यपाल. रोजनाम्यात सोयीची तारीख तेवढी ठेवून बाकीची वगळता येत नाही, म्हणून 2001 चं वर्षही लिहायला हवं. त्या वर्षी मे महिन्यात जयललिता यांच्या पक्षाला मोठं बहुमत मिळालं. पण खटल्यांत झालेल्या शिक्षेमुळे जयललितांचे उमेदवारी अर्ज फेटाळले गेले होते, त्या आमदार नव्हत्या. तरी राज्यपाल फातिमा बीवींनी त्यांना मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. बहुमताने निवडलेल्या नेत्याला आपण बोलावलं, ही त्यांची भूमिका. देशभर टीका झाली. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांना परत बोलावण्याची शिफारस केली आणि त्यांनी राजीनामा दिला. 21 सप्टेंबर 2001 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ती नेमणूक रद्द ठरवली. त्या पाचांत एक होत्या न्यायमूर्ती रुमा पाल.

मला त्या निकालाचं वाईट वाटलं, पण लाज वाटली नाही. जिने एकेक पायरी चढून इथवर मजल मारली, तिचाही निर्णय चुकू शकतो. आणि ज्या न्यायालयात एके काळी ती एकटी बाई होती, त्याच न्यायालयातली आणखी एक बाई तो निर्णय तपासायला बसते. अपिलात निकाल फिरणं हे आमच्याकडे कुणाच्या आयुष्याचं मोजमाप मानत नाहीत. तो न्यायाचाच भाग आहे.

आता जिन्याविषयी. फातिमा बीवी निवृत्त झाल्यावर अडीच वर्षं सर्वोच्च न्यायालयात पुन्हा एकही बाई नव्हती. 1994 च्या नोव्हेंबरात सुजाता मनोहर आल्या. 1978 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या त्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या होत्या, आणि दिल्लीला जाण्याआधी फातिमा बीवींच्याच केरळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्ती होत्या. 2011 मध्ये मुंबईहून रंजना देसाई गेल्या. 31 ऑगस्ट 2021 रोजी एकाच दिवशी तिघींनी शपथ घेतली, तेव्हा 1950 पासूनची बेरीज झाली अकरा. या अकरांत तमिळनाडूच्या आर. भानुमती आणि गुजरातच्या बेला त्रिवेदी याही जिल्हा न्यायसेवेतून वर आलेल्या. बाकीच्या बहुतेक जणींची वाट उच्च न्यायालयातल्या वकिलीची.

सर्वोच्च न्यायालयाच्याच 2023 च्या अहवालात तीन आकडे आहेत. जिल्हा न्यायव्यवस्थेत बायका 36.3 टक्के. उच्च न्यायालयांत 13.4. सर्वोच्च न्यायालयात 9.3. हे आकडे मी वहीत उतरवून घेतले, कारण जिना कुठे अरुंद होतो ते यात दिसतं. खाली शिरायला परीक्षा असते. महाराष्ट्रात लोकसेवा आयोग ती घेतो. मुली अभ्यास करतात, पास होतात, खुर्चीवर बसतात. वर मात्र निवड असते, आणि उच्च न्यायालयांत बहुतेक न्यायाधीश वकिलांमधून येतात. न्यायसेवेतून चढणाऱ्याला पन्नाशी उलटून जाते. मग बासष्टची वेस लागते. फातिमा बीवींना उच्च न्यायालय छप्पन्नाव्या वर्षी मिळालं आणि सर्वोच्च न्यायालय निवृत्तीनंतर. त्यांच्यासारखी बुद्धीची, कष्टाची किती माणसं जिल्ह्याच्या पायरीवरच निवृत्त झाली असतील. बाईच्या वाटेवर बाळंतपणं, बदल्या, घरातली आजारपणं येतात, तिची वर्षं आणखी खर्च होतात. वर बायका आणायच्या असतील तर खाली खुर्चीवर बसलेल्यांकडे वेळेत पाहायला हवं. ती माणसं शोधावी लागणार नाहीत, ती रोज सकाळी अकराला हजर असतात.

1989 मध्ये फातिमा बीवी आल्या तेव्हा सरन्यायाधीश होते ई. एस. वेंकटरामय्या. त्यांच्या कन्या बी. व्ही. नागरत्ना आज सर्वोच्च न्यायालयात आहेत. ज्येष्ठतेचा क्रम पाळला गेला तर 2027 मध्ये त्या भारताच्या पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, अवघ्या महिनाभरासाठी. 2024 मध्ये फातिमा बीवींना मरणोत्तर पद्मभूषण मिळालं. दोन्ही बातम्या वाचून मला आनंद झाला आणि उशीरही जाणवला.

त्या गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी आमच्या मॅडमना फोन लावला. त्या जिल्हा न्यायाधीश होऊन निवृत्त झाल्या, आता मुलाकडे असतात. मी त्यांना रोजनामा वाचून दाखवला. वकिली आठ वर्षं. मुन्सफ दहा. सबऑर्डिनेट जज चार. मुख्य न्यायदंडाधिकारी दोन. जिल्हा न्यायाधीश सहा. न्यायाधिकरण तीन. उच्च न्यायालय पावणेसहा. सर्वोच्च न्यायालय अडीच.

मॅडम ऐकत होत्या. शेवटचे आकडे त्यांनी सोडून दिले.

‘मुन्सफ किती म्हणालात, ताई?’

‘दहा वर्षं, मॅडम.’

‘दहा वर्षं,’ त्या म्हणाल्या. ‘म्हणजे किती हजार साक्षी ऐकल्या असतील हो त्या बाईने.’